हरीण गाडीला धडकलं, आता पुढे काय?

रब्बीची पिकं उभी राहिली की रोही (नीलगायी), हरणं, रानडुकरं दिवस मावळताना जंगलातून आणि माळावरून शेतांकडे निघतात, उजाडायच्या आत परततात. वाटेत आपले रस्ते आहेत. विदर्भात, मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानांत अशा अपघातांच्या बातम्या वारंवार येतात. बातमीत गाडीचा फोटो असतो, प्राणी ठार झाल्याचं कळतं. चालकाने त्यानंतर काय करायचं असतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सांगायला हवं, कारण बरंचसं नुकसान धडकेनंतरच्या अर्ध्या तासात होतं. मागून आलेला ट्रक थांबलेल्या गाडीवर आदळतो. रेडिएटर फुटलेली गाडी तशीच गावापर्यंत ओढली जाते आणि इंजिन बसतं. जखमी हरणाला उचलायला गेलेल्याच्या पोटात खूर बसतो. घाबरून पळ काढलेला माणूस कायद्याच्या नजरेत विनाकारण संशयित होतो. हे चारही प्रकार टाळता येतात.

## आधी माणसं

गाडी चालत असेल तर इंडिकेटर देऊन डाव्या कडेला, शक्यतो डांबराच्या बाहेर घ्या. हॅझर्ड दिवे लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. मग गाडीतल्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारा: मान दुखते का, श्वास घेताना छातीत कळ येते का, हातापायाला मुंग्या येतात का? मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला ओढून बाहेर काढू नका. धूर किंवा आग नसेल तर त्याला बसल्या जागी स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. एअरबॅग उघडली असेल तर आत पांढरी भुकटी उडते आणि जळाल्यासारखा वास येतो. गाडी पेटल्याचा भास होतो, पण खिडक्या उघडल्या की ती विरते.

बाकीच्यांनी डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे जावं. अंधारात गाडीमागे उभं राहून फोन करणं, हा या सगळ्यातला सर्वात घातक प्रकार आहे. डिकीतला लाल परावर्तक त्रिकोण काढा आणि छातीसमोर उघडा धरून, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून रस्त्याच्या कडेने चालत जा. गाडीमागे निदान ५० मीटर अंतरावर तो ठेवा. महामार्गावर याच्या दुप्पट जा. वळण किंवा चढ असेल तर त्रिकोण त्याच्या अलीकडे हवा, वळून आल्यावर दिसला तर उपयोग नाही.

जनावर धडकलं ती जागा लगेच मोकळी समजू नका. चितळ आणि काळवीट कळपाने फिरतात. एक रस्त्यावर आलं की मागे आणखी असतात, आणि बिथरलेला कळप उलटसुलट धावतो.

## फोन कुणाला करायचा?

माणसाला लागलं असेल किंवा रस्ता अडला असेल तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरून क्रेन, गस्तीची गाडी आणि रुग्णवाहिका मिळते. जनावरासाठी महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही चोवीस तासांची मदतवाहिनी आहे. समृद्धीसारख्या द्रुतगती मार्गावर तिथल्या फलकांवर दिलेला आपत्कालीन क्रमांक लावा.

ठिकाण सांगताना 'अमुक गावाच्या पुढे' एवढ्यावर भागत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड शोधा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. त्यावरचा आकडा आणि तुम्ही कुठून कुठे निघाला होतात, एवढ्यावर वनरक्षक अंधारातही नेमका पोचतो. मोबाइलवरून लोकेशन पाठवता आलं तर उत्तमच, पण जंगलपट्ट्यात नेट असेलच असं नाही. दगडावरचा आकडा साध्या फोनवरही सांगता येतो.

## जनावर जिवंत आहे, मग ते उचलून दवाखान्यात का न्यायचं नाही?

हा प्रश्न चांगल्या माणसांनाच पडतो, आणि चूकही त्यांच्याच हातून होते.

हरीण हा शिकार होणारा प्राणी. जवळ येणारा माणूस त्याला वाघासारखाच वाटतो. पकडलं, दाबून धरलं, भोवती गर्दी जमली की त्याचं शरीर पळण्यासाठी असलेली सगळी ताकद एकदम वापरू लागतं. स्नायूंमध्ये आम्ल साचतं, शरीराचं तापमान चढतं, स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि हृदय व मूत्रपिंडावर ताण येतो. पशुवैद्यक याला 'कॅप्चर मायोपॅथी' म्हणतात. जखम बरी होण्यासारखी असली तरी हरीण यानेच काही तासांत किंवा काही दिवसांत मरू शकतं. शांत पडून राहिलेलं हरीण बरं आहे असं समजून लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. प्रत्यक्षात ते भीतीने गारठलेलं असतं.

म्हणून २० ते ३० मीटर लांब थांबा. टॉर्च आणि हेडलाइट त्याच्या डोळ्यांवरून काढा, हळू बोला, कुत्री आणि बघे लांब ठेवा. पाणी पाजू नका. आडव्या पडलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. डोळ्यांवर कापड टाकणं, पाय बांधणं, भुलीचं इंजेक्शन देणं ही कामं बचाव पथकाची आणि पशुवैद्यकांची.

स्वतःच्या गाडीत तर घालूच नका. मेलंय असं वाटलेलं जनावर मागच्या सीटवर शुद्धीवर आलं तर त्याचे खूर आणि शिंगं आतल्या माणसांवर चालतात. नीलगायीचा, म्हणजे आपल्या रोह्याचा, नर २०० किलोंच्या पुढे जातो. त्याची मागची लाथ बरगड्या मोडू शकते.

रानडुक्कर किंवा बिबट्या असेल तर गाडीतून उतरूच नका. काचा वर, दारं बंद, फोन आतून. जखमी डुक्कर थेट अंगावर येतं. बिबट्या झुडपात शिरला असेल तरी तो लांब गेला असं धरून चालू नका.

## मेलं असेल तर?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३९ इथे लागू होतं. मृतावस्थेत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते. अशी मालमत्ता कुणाच्या ताब्यात आली तर त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वनअधिकाऱ्याला कळवायचं असतं. लेखी परवानगीशिवाय ती बाळगता, देता किंवा नष्ट करता येत नाही. यात मांस, कातडी, शिंगं सगळं आलं. 'नाहीतरी वाया जाणार, गावातल्या कुणाला देऊन टाकू' म्हणून दिलं तर देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. एरवी अपघात म्हणून पाहिली गेली असती ती घटना मग शिकारीसारखी दिसू लागते.

मृत जनावर भर रस्त्यात असेल तर मागून येणाऱ्यांना धोका असतो. तरीही हलवण्याआधी ते कुठे पडलंय याचे फोटो काढा, गाडी आणि किलोमीटरचा दगड त्यात येईल असे. दोन मिनिटं लांबून छातीची हालचाल पाहा. मदत यायला वेळ असेल, वाहनं सतत येत असतील आणि कुणीतरी टॉर्चने त्यांना इशारा देत असेल, तरच ते मागच्या बाजूने पाय धरून कडेला ओढा आणि आलेल्या वनकर्मचाऱ्याला तसं सांगा. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हवीच. शरीर थंड होऊ लागलं की गोचिडी ते सोडून नवं रक्त शोधतात, आणि रानातल्या गोचिडी माणसाला आजार देऊ शकतात. सिंधुदुर्गात माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, तो आजार गोचिडींतूनच पसरतो.

## मुद्दाम मारलं नाही, तरी गुन्हा होतो का?

कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या रुंद आहे. वन्यप्राण्याला ठार मारणं, जखमी करणं, तसा प्रयत्न करणं, हे सगळं तीत येतं. त्यामुळे वनविभाग चौकशी करतोच, वनगुन्हा नोंदवूही शकतो, आणि तपासासाठी गाडी जप्त करण्याचा अधिकारही त्याला आहे. काळवीट, चिंकारा, बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत. नीलगाय आणि रानडुक्कर दुसऱ्या. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या, किंवा अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात केलेल्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांत ३ वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे आकडे वाचून पोटात गोळा येतो. पण त्याच कायद्याने कलम ३९ मध्ये 'चुकून मारला गेलेला' असा वेगळा उल्लेख केला आहे. अपघात घडतात हे कायद्याला माहीत आहे. तपासात पाहिलं जातं ते हे: वेग किती होता, रस्ता जंगलातला होता का, रात्रबंदी किंवा वेगमर्यादा मोडली का, ब्रेकच्या खुणा आहेत का, आणि चालक थांबला की पळाला. यातली शेवटची गोष्ट अजून तुमच्या हातात असते.

वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी येऊन जागेचा पंचनामा करतात, तुमचा जबाब घेतात. जनावराचं शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकारी करतो आणि विल्हेवाट विभाग लावतो. जबाबात घडलं तेच सांगा. वेग आठवत नसेल तर अंदाजाने आकडा ठोकू नका. सही करण्याआधी वाचा, पंचनाम्याची प्रत मागा. गाडी जप्त झाली तर जप्तीची लेखी नोंद घ्या. पुढे ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, सोडवता येते, त्यासाठी वकिलाची मदत घ्या.

'कुणी पाहिलंच नाही, तर निघून जावं' हा विचार अनेकांच्या मनात येतो. रस्त्यावर बंपरचे तुकडे, हेडलाइटची काच, कधी नंबरप्लेटच राहते. ग्रिलच्या जाळीत केस अडकलेले असतात. पुढच्या टोल नाक्यावर कॅमेरा असतो. आणि विम्याच्या अर्जात धडकेचं कारण लिहावंच लागतं.

## गाडी चालतेय, मग घरापर्यंत नेली तर?

इथे घाई सर्वात महागात पडते. प्राणी कुठला, त्यावर गाडीचं काय मोडलं असेल ते अवलंबून असतं. रोही आणि सांबर लांब पायांचे. बंपर पायांना लागतो आणि धड बॉनेटवरून काचेवर येतं. रानडुक्कर ठेंगणं आणि घट्ट. ते बंपरखाली घुसतं, रेडिएटर फोडतं, कधी तेलाच्या चेंबरला तडा देतं. बाहेरून फक्त नंबरप्लेट वाकलेली दिसते.

गाडीच्या पुढच्या भागात आधी एसीचा कंडेन्सर असतो, त्यामागे रेडिएटर, त्यामागे पंखा. कंडेन्सर फुटला तर फुस्स आवाज होऊन गॅस जातो आणि एसी थंड करत नाही, एवढंच. रेडिएटर फुटला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतं. टॉर्च घेऊन गाडीखाली पाहा. डाव्या बाजूला आत थेंबथेंब पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी बहुधा एसीचं असतं. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, बोटांना बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. काळपट चिकट असेल तर तेल. या दोन्हींपैकी काहीही दिसलं तर गाडी जागेवरच ठेवा.

कूलंटशिवाय इंजिन चालवणं म्हणजे पाणी न घालता कुकर गॅसवर ठेवणं. काही मिनिटांत इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकतं आणि त्याखालचं सील, हेड गॅस्केट, जातं. 'काटा वर गेला की थांबू' हा भरवसाही फसवा आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, कूलंटच उरलं नाही तर तो बाजूची हवा मोजतो आणि काटा शांत राहू शकतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, दाबाखालचं उकळतं पाणी चेहऱ्यावर येतं. बाजूच्या पांढऱ्या टाकीतली पातळी बाहेरूनच दिसते.

गळती नसेल तर बॉनेट हाताने वर ओढून पाहा. खटका सैल झालेलं बॉनेट वेगात वाऱ्याने उघडून काचेवर आदळतं. चाकावरचं प्लॅस्टिक टायरला घासतंय का, टायरच्या बाजूला फुगवटा आलाय का, स्टिअरिंग सरळ धरल्यावर गाडी एकीकडे ओढते का, दोन्ही हेडलाइट लागतात का, तेही पाहा. काच चालकाच्या नजरेसमोर तडकली असेल, एअरबॅग उघडली असेल किंवा तेलाचा वा तापमानाचा लाल दिवा लागला असेल तर क्रेन बोलवा. एअरबॅग आणि सीटबेल्टचा ताणक एकदाच काम करतात, पुढच्या धडकेत ते नसतात.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तळाशी असते. डुक्कर खालून घासत गेलं असेल आणि सुसू आवाज, विचित्र वास किंवा पांढरा धूर येत असेल तर सगळे लांब व्हा आणि ११२ ला गाडी इलेक्ट्रिक असल्याचं आधी सांगा. नारिंगी केबलींना हात लावायचा नाही.

## विमा कंपनी पैसे देते का?

तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानापुरती, असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीही मिळत नाही. 'ओन डॅमेज', म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचं संरक्षण असेल, तर प्राण्याची धडक अपघातात धरली जाते.

पॉलिसीच्या अटींमध्ये एक वाक्य असतं, ते फार कमी जण वाचतात. अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. बंपर आणि रेडिएटरचे पैसे मंजूर होतात, गाडी पुढे ओढल्यामुळे गेलेल्या इंजिनाचे नाकारले जातात, ते या अटीमुळे.

कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाने, पाहीपर्यंत गाडी धुऊ नका. रक्त आणि ग्रिलमधले केस हा धडक कशाची होती याचा पुरावा असतो. ज्यात कुणा माणसाला इजा नाही अशा अपघातात एफआयआर बहुतेकदा लागत नाही, पण पंचनाम्याची प्रत असली तर प्रश्न कमी येतात.

छोट्या नुकसानाला क्लेम करावा का, याचं गणित कागदावर मांडा. समजा फक्त प्लॅस्टिकचा बंपर गेला, किंमत ६,००० रुपये. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे उरले ३,०००. त्यातून सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. हातात पडले २,०००. आता तुमचा ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आणि त्यावर ५० टक्के 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न केल्याची सूट, मिळत असेल तर पुढच्या वर्षी ४,००० जादा भरावे लागतील. शिवाय सूट पुन्हा शून्यापासून चढते. रेडिएटर, बॉनेट, काच असं मोठं काम असेल तर मात्र क्लेम निःशंक करा.

दुरुस्तीनंतर एक गोष्ट आवर्जून विचारा. आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांचा रडार पुढच्या लोगोमागे किंवा बंपरमध्ये असतो. तो किंचित वाकडा बसला तरी समोरच्या वाहनाचा अंदाज चुकतो. बंपर बदलला की त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे दिशेची जुळणी, झालीच पाहिजे.

## कट मारला असता तर वाचलो असतो का?

ताशी ८० किमी वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ ते ४० मीटर. बेरीज सत्तरच्या घरात, आणि लो बीमचा उजेड साधारण ५० मीटर. म्हणजे जनावर दिसलं तेव्हाच उशीर झालेला असतो. ताशी ६० किमीला हीच बेरीज ४५ मीटरच्या आसपास येते आणि उजेडाच्या आत बसते. जंगलपट्ट्यातली वेगमर्यादा या गणितावर उभी आहे.

उरलेल्या क्षणात ब्रेक पूर्ण दाबा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पेडल थरथरतं, तरी पाय सोडू नका. स्टिअरिंग सरळ ठेवा. कट मारणारी गाडी झाडावर, समोरच्या ट्रकवर किंवा खड्ड्यात उलटून जाते, आणि हरीण ऐनवेळी कुठल्या बाजूला उडी मारेल हे सांगताही येत नाही. दुचाकीला हे गणित जास्त क्रूर आहे, तिथे वेग आधीच कमी ठेवणं आणि हेल्मेटचा पट्टा घट्ट असणं एवढंच हाती आहे.

## हरीण उठून पळालं, गाडीलाही ओरखडाच. तरी कळवायचं?

हो. पळालेलं जनावर आतून फुटलेलं असू शकतं. पाय मोडलेलं हरीण तीन पायांवरही शंभरेक मीटर जातं आणि शेतात पडतं, मग कुत्री त्याला जिवंतपणी फाडतात. १९२६ वर वेळ, किलोमीटरचा आकडा, प्राणी कुठला, कुठल्या बाजूला गेला आणि रस्त्यावर रक्त होतं का, एवढं सांगा. शोध घ्यायला तेवढं पुरतं.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. प्राणी रस्ता नेमका कुठे ओलांडतात आणि कुठे मरतात, हे कळल्याशिवाय त्यांच्यासाठी भुयारी वाट कुठे बांधायची ते ठरत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ वाटा बांधल्या आहेत, त्यातली सर्वात रुंद ७५० मीटरची. त्यांच्याखाली बसवलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, चितळ, नीलगाय, रानडुक्कर सगळे टिपले गेले आहेत.